शहाणं लेकरू

१

सकाळची बॅच सुटली की मी रिक्षाने घरी येते. एप्रिलच्या दुपारी लातूरच्या रस्त्यावर फक्त कुत्री आणि क्लासची पोरं दिसतात, आणि त्यातली कुत्री तरी सावली धरून बसलेली असतात. मी जीवशास्त्र शिकवते. डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरांना बेडकाच्या हृदयापासून माणसाच्या गर्भाच्या वारेपर्यंत सगळं फळ्यावर काढून दाखवते. आवाज बसतो, पाय सुजतात, आणि पोरं विचारतात, मॅडम, हे परीक्षेला येतं का?

घरी आलं की जेवण आणि मग संध्याकाळच्या बॅचपर्यंत झोप. मला सातवा महिना चालू होता, त्यामुळे ही झोप डॉक्टरांच्या हुकमाची होती. पण हुकमाआधीही ती कधी चुकली नव्हती. आमचं घर भाड्याचं, तळमजल्यावरचं, शहाबादी फरशीचं. कूलर लावला, पडदे ओढले की खोलीत ओल्या वाळ्याचा वास भरतो. माझी पाच वर्षांची मुलगी अंबी पलंगावर न येता थंड फरशीवर पालथी पडते. तिला गादी लागत नाही, गोष्ट लागत नाही, थोपटायला कुणी लागत नाही. ती स्वतःच तळहाताने फरशी थोपटते. थप, थप. मग जीभ टाळ्याला लावून एक बसका आवाज काढते, फुटक्या कपावर चमचा मारावा तसा. पुन्हा थप, थप, आणि तो आवाज. ते ऐकता ऐकता माझा डोळा लागायचा.

"जगात आई लेकराला झोपवती. आपल्यात उलटं हाय," असं राजशेखर म्हणायचा. राजशेखर म्हणजे माझा नवरा. तो शहराच्या पाणीपुरवठ्यात इंजिनिअर आहे, म्हणजे लातूरमधलं सगळ्यात शिव्या खाणारं काम करतो. त्यामुळे घरी आला की त्याला चेष्टा सुचते.

अंबीचं खरं नाव नीलांबिका. पण तिची ओळख वेगळीच. सगळे तिला शहाणं लेकरू म्हणतात. लस टोचताना ती रडली नाही, गुडघा फुटला तेव्हा रडली नाही, दिवाळीत दाराशी सुतळी बॉम्ब फुटला तेव्हा पापणीही हलली नाही. शेजारच्या अयोध्याबाई त्यांच्या नातवाला बदडताना अंबीचा दाखला द्यायच्या. "त्या मॅडमची पोर बघ, आन् तू बघ." मी वरवर नको नको म्हणायचे आणि आतून टम्म फुगायचे.

सुट्टी लागायच्या आदल्या आठवड्यात बालवाडीच्या बाईंनी मला दारात थांबवलं. वर्गातलं लोखंडी कपाट कलंडलं होतं. कुणाला लागलं नव्हतं, पण पोरांनी आकांत केला होता.

"तुमची अंबी मात्र कमाल," बाई म्हणाल्या. "ती आधी खिडकीतनं बाहेर बघितली. तुमची रिक्षा तेव्हाच येऊन थांबली होती. मग ती खाली पालथी पडली, फरशीला थोपटून राहिली. नंतर मला म्हणली, टीचर, झोपलं आता."

मी हसले. घरी आल्यावर अंबीला गूळ-पोळी दिली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय झोपलं गं?"

"खालचं," ती म्हणाली आणि बोटावरचा गूळ चाटला.

आमच्या घराखाली कुणी राहत नाही. तळमजला आहे. खाली जमीन आहे.

२

त्याच संध्याकाळी भांडी विसळताना एक काचेचा ग्लास ओट्यावर आपटला. तडकलेला होता. त्यातून जो आवाज निघाला, तो अंबीचा आवाज होता. आणि अंबीचा आवाज कुठून आला, ते मला पाच वर्षांनी समजलं.

अंबी पोटात होती ते टाळेबंदीचं साल. क्लास बंद पडले. राजशेखरला पाण्यामुळे लातूर सोडता येईना, म्हणून मी निलंगा तालुक्यातल्या त्याच्या गावी सासू-सासऱ्यांकडे गेले. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, पण माझं माहेर भोकरला, म्हणजे नांदेड जिल्ह्यात. आणि जिल्ह्याच्या हद्दीवर तेव्हा बांबू आडवे बांधलेले होते. आई तिकडे फोनवर रडायची, मी इकडे.

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं, गावात जमिनीतून आवाज यायला लागले. कधी दुपारी, कधी पहाटे. कुणीतरी खोल विहिरीत तोंड घालून हुंकार भरावा तसा आवाज यायचा आणि मांडणीतल्या ताटल्या थरथरायच्या. भूकंप पाहिलेलं ते गाव. माझे सासरे मलप्पा यांनी त्यात सख्खी बहीण गमावलेली. आवाज आला की ते हातातला घास ताटात टाकून अंगणात जायचे आणि परत जेवायला बसायचे नाहीत. साहेब लोक आले, यंत्र ठेवलं, भिण्यासारखं काही नाही म्हणाले. भिण्यासारखं काही नाही हे ज्याला समजावून सांगावं लागतं, त्याची भीती त्याने कमी होत नाही, हे साहेबांना कुणी सांगायचं?

आम्ही अंगणात पत्र्याखाली झोपायला लागलो. झोपायला म्हणजे पडायला. मी भिंतीपासून लांब बसून राहायचे. आवाज आला की आधी तळपायांना कळायचं. मग हात आपोआप पोटावर जायचा. थप, थप. "मी हाय. मी हाय." कुणाला सांगत होते ते मलाही माहीत नव्हतं.

त्या हातात बांगड्या होत्या. सातव्या महिन्यात चोळी-बांगडी करायची, तर गावात कासार येऊ शकत नव्हता. सासूबाईंनी, म्हणजे कावेरीबाईंनी, त्यांच्या पेटीतल्या जुन्या हिरव्या बांगड्या काढल्या. त्यातली एक तडकलेली होती.

"तडकलेली घालू न्हाई," त्या म्हणाल्या होत्या. "पर रिकाम्या हातापरास बरी."

मी पोटावर थाप मारली की बाकीच्या बांगड्या किणकिणायच्या आणि ती एक बद्द वाजायची. तो आवाज मला इतका नकोसा झाला होता की दवाखान्यात नर्सने बांगड्या काढायला लावल्या तेव्हा बरं वाटलं. तडकलेली काढताना मोडलीच. सासूबाई फुटली म्हणाल्या नाहीत, वाढली म्हणाल्या, आणि तुकडे पदरात गोळा केले. अंबी त्यानंतर जन्मली. म्हणजे तो आवाज तिने बाहेर कधीच ऐकलेला नव्हता.

यात गूढ काही नाही, हे मी स्वतःला लगेच सांगितलं. सहाव्या महिन्यानंतर पोटातल्या बाळाला ऐकू येतं. हे मीच शिकवते. आईच्या भीतीचं रसायन वारेतून थोडंफार बाळापर्यंत जातं, हेही मीच शिकवते. तिने आत ऐकलं, लक्षात ठेवलं, आता तोंडाने काढते. स्पष्टीकरण पूर्ण होतं, पोरांनी वहीत उतरवून घ्यावं इतकं पूर्ण. तरी तो ग्लास मी पुन्हा वापरला नाही. कागदात गुंडाळून घंटागाडीत टाकला.

३

मे महिन्यात आईला भेटायला भोकरला निघाले, तेव्हा वाटेत नांदेडला पंचशीलाकडे थांबले. पंचशीला माझी कॉलेजची मैत्रीण. ती आता लहान मुलांची मनाची डॉक्टर आहे. तिच्या दवाखान्यात रंगीत ठोकळे आणि कापडी हत्ती आहेत. अंबी कोपऱ्यात ठोकळे रचत बसली. मी सगळं सांगितलं, बांगडीसकट. पंचशीला हसली नाही, आणि त्याचीच मला भीती वाटली.

तिने बोलता बोलता टेबलावरचा स्टीलचा ट्रे मुद्दाम खाली पाडला. मी जागच्या जागी उडाले. अंबीने मान वळवली, पण ट्रेकडे नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. एखादी म्हातारी आजारी माणसाकडे पाहते तसं नीट पाहिलं आणि मग हळूच तळहात जमिनीवर ठेवला.

"पडली, लागलं, तर ती कुणाकडं पळती?" पंचशीलाने विचारलं.

अंबी पळत नाही. ती कुणाकडेच येत नाही. गुडघा फुटला तेव्हा तिने स्वतःच नळाखाली धरला होता आणि मला म्हणाली होती, आई, तू नको बघू.

"रडणारं लेकरू बरं असतं गं," पंचशीला म्हणाली. "रडलं की कुणीतरी येतं, एवढं तर त्याला ठाऊक असतं. घाबरलेल्या आईची काही लेकरं सारखी दचकतात. काही ठणठणीत निघतात. लेकरं लई चिवट असतात, पोटात बसलेली भीती मायेनं निघतीही. पण तुझी चिवट हाय का नुसती गप्प हाय, ते तू बघ."

"मग ते थोपटणं बंद करू का?"

"मुळीच नको. तिचा तेवढाच आधार असेल तर? तू तिला थोपट. कधीपासनं थोपटलं न्हाईस?"

तिला कधी थोपटणं लागलंच नव्हतं.

"आणि ह्याला?" मी पोटाकडे बोट केलं. खरं तर त्यासाठीच आले होते. "ह्याला त्यातलं काही द्यायचं नाही मला. एवढं एक तरी साधं, रडकं, भित्रं लेकरू होऊ दे."

"मग भिऊ नको," पंचशीला म्हणाली, आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन ओशाळली. भिऊ नको म्हटल्यावर भीती जात असती, तर तिचा दवाखाना कशाला चालला असता?

४

भोकरहून परत आले तोवर सासूबाई लातूरला येऊन दाखल झाल्या होत्या. बाळंतपण होईपर्यंत राहणार होत्या. पहिल्याच दुपारी त्यांनी अंबीचं थोपटणं पाहिलं आणि तिचा हात धरला.

"हे काय करलालीस? रिकामा पाळणा हलवत न्हाईत, तसं रिकामं थोपटू न्हाई. आन् घरात पोटुशी बाई असताना तर न्हाईच."

"का हो अव्वा?" मी चिडवत विचारलं. "काय होतं?"

"थोपटणारं हाय, झोपणारं कुणी न्हाई. मग येऊन झोपतं कुणीतरी."

मी हसून घेतलं. पण अंबीचा हात सोडवला नाही. सासूबाईंचं कारण त्यांच्यापाशी, माझं माझ्यापाशी. मला तो आवाज आता ऐकवत नव्हता. पंचशीलाने बजावलं होतं ते मी कानाआड केलं. सासू-सुनेचं एकमत झालं की घरात कुणाचं तरी वाईट होणार हे समजून जावं. त्या दुपारपासून अंबी पलंगावर आमच्या दोघींच्या मध्ये झोपायला लागली. एक हात माझ्या हातात, एक आजीच्या. तिने दोनदा हळूच ओढून पाहिलं आणि मग हट्ट सोडला. ती रडली असती तर मी हात सोडलाही असता.

ती झोपली नाही. मला वाटलं सवय मोडायला वेळ लागेल. पण मीही झोपले नाही. पाच वर्षांत कधी न चुकलेली झोप गेली ती गेलीच. कूलरची घरघर, सासूबाईंचं घोरणं, आणि मी टक्क जागी. त्यानंतर जे सुरू झालं ते मला चांगलं ओळखीचं होतं. तळपायांना काहीतरी कळल्यासारखं व्हायचं. काय ते कळायचं नाही. बॅचमध्ये शिकवताना मी मधेच थांबायला लागले. खडू हातात, आणि कान जमिनीकडे.

एका संध्याकाळी मांडणीतल्या ताटल्या थरथरल्या. राजशेखर चहा पीत होता.

"पाईपात हवा धरती," तो म्हणाला. "पाणी सोडलं की खडखडतं."

मला फार बरं वाटलं. आपला नवरा इंजिनिअर आहे याचा पहिल्यांदाच उपयोग झाला. घटकाभराने मी पिंप भरायला उठले, तर तो म्हणाला, "आता कुठं? आपल्या भागात उद्या सोडणार हायेत." आणि त्याने कप विसळला. आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं नव्हतं, आणि मी आणून दिलं नाही.

अंबीच्या डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं. वेणी घालताना ती आरशातून माझ्याकडे बघायची.

"ते जागंच हाय, आई," एकदा म्हणाली. "लई घाबरलंय."

मी वेणी जरा जास्तच ओढून बांधली.

५

ऊन मी म्हणत होतं त्या दिवशी. जेवणं झाली, आम्ही तिघी आडव्या झालो, आणि लाईट गेली. कूलरचा पंखा मंद होत होत थांबला. जाळीवरून पाण्याचे शेवटचे थेंब पडले. मग इतकं शांत झालं, की आजवर त्या घरात आम्ही किती आवाजाखाली राहत होतो ते कळलं.

"हात सोड आई," अंबी म्हणाली.

"झोप गपचूप."

"आई, ते उठून राहिलंय."

आधी तळपायांना कळलं. मग पलंगाच्या पायांतून वर आलं. तोच हुंकार. खोल विहिरीतला, पत्र्याखालच्या महिन्यांतला. मांडणीतली ताटली घसरली आणि दुसरीवर वाजली. सासूबाई ताडकन उठल्या. त्यांना कुणी काही सांगावं लागलं नाही. "बाहेर चला, आधी बाहेर चला," म्हणत त्या दाराकडे गेल्या आणि कडी काढायला लागल्या. कडी निघेना.

मला उठताच येईना. पोटाचंच ओझं एवढं होतं. माझा मोकळा हात आपोआप पोटाकडे गेला. थाप मारायला उचललाही गेला. आणि तो तसाच हवेत असताना मी त्याच्याकडे पाहिलं. हाच तो हात. आता ही थाप पडली की आतलं बाळ ती उचलणार, जन्मभर धरून ठेवणार. मी दात आवळले. हात खाली येऊ दिला नाही. त्या धडपडीत दुसऱ्या हातातला अंबीचा हात सुटला.

ती पलंगावरून घसरून खाली गेली आणि पालथी पडली. थप, थप.

तिच्या तोंडात वेणीचं टोक होतं. विचारात असली की ती ते चावते. ओठ मिटलेले होते. तरीही तिसरा आवाज आला. बद्द.

तो खालून आला.

माझ्या हातात बांगडी नव्हती. सासूबाईंच्या हातात सोन्याच्या पाटल्या, आणि त्या दाराशी कडीशी झगडत होत्या. अंबीने थोपटणं थांबवून कान दिला. खालून पुन्हा आलं, आपलं आपण. थप, थप, बद्द. थप, थप, बद्द. घाईघाईने. स्वतः घाबरलेलं माणूस दुसऱ्याला थोपटतं तसं.

मी कशी उतरले ठाऊक नाही. गुडघ्यांवर आले, एका हाताने पोट सावरलं आणि फरशीला कान लावला. फरशी गार होती. मुरूम खचला असेल, पोकळी झाली असेल, पाईप असेल, घूस असेल. माझं डोकं एकेक कारण पुढे करत होतं आणि मी एकेक मान्य करत होते. मग खाली कुणीतरी श्वास घेतला. तोंडाने, जड, शेवटच्या महिन्यांत बाई घेते तसा. आणि अगदी हळू आवाजात बोलणं ऐकू आलं.

"मी हाय. मी हाय."

आपला आवाज बाहेरून ऐकला की प्रत्येकाला परका वाटतो म्हणतात. मला वाटला नाही. दोन फरश्यांच्या सांध्यातलं सिमेंट जिथे निघालं होतं, तिथे बोटभर फट होती. त्या फटीत काहीतरी हिरवं चमकलं आणि आत सरकलं.

"तिला कुणीच न्हाई ना, आई," अंबी म्हणाली. तिचा गाल फरशीवर माझ्या गालासमोर होता. "म्हणून मी झोपविते तिला. ती झोपली की तू झोपतीस."

"कधीपासनं गं?"

"पहिल्यापासनं," ती म्हणाली, आणि पुन्हा थोपटायला हात उचलला.

मला काय झालं ते सरळच सांगते. भीती बाजूला राहिली. पाच वर्षांची पोर. माझी रात्रीची झोप, दुपारची झोप, माझं हसतं तोंड, अयोध्याबाईंपुढचं फुगणं, सगळं हिने एका तळहातावर पेललं होतं, आणि आम्ही तिला शहाणं म्हणत होतो. मी तिचा उचललेला हात धरला. उरलीसुरली मांडी पसरून तिला ओढून घेतलं आणि तिच्या पाठीवर थाप मारली.

"तू झोप आता. तिचं मी बघते. ते माझं हाय, तुझं न्हाई."

ती लाकडासारखी ताठ झाली. मी थोपटत राहिले. कितीतरी वेळ ती तशीच होती. मग तिच्या पाठीतून एक थरथर गेली, तोंड वेडंवाकडं झालं, आणि तिने भोकाड पसरलं. नाक वाहत होतं, श्वास अडकत होता, पाय झाडत होती. सासूबाई कडी सोडून धावत आल्या.

"काय झालं तिला? कुठं लागलं?"

"काही नाही अव्वा," मी म्हणाले. "रडू द्या तिला."

लाईट आली. कूलरने घरघर धरली. फरशीखाली आता काही नव्हतं, किंवा असेल तर ऐकू येत नव्हतं.

६

त्यानंतर आमची अंबी पार बिघडली. पालीला घाबरते, कुकरच्या शिट्टीला कान झाकते, फुगा दिसला की माझ्यामागे लपते. पडली की गल्ली गोळा करते आणि थेट माझ्याकडे पळत येते. "नजर लागली हो लेकराला," असं म्हणून अयोध्याबाई मीठ-मिरच्या ओवाळून गेल्या. पंचशीलाला फोन केला तर ती म्हणाली, पेढे वाट. मी खरंच आणले. राजशेखरला पेढे कशाचे ते कळलं नाही, पण दोन खाल्ले. सासूबाईंच्या सांगण्यावरून त्याने फरशीचे सांधेही भरून घेतले.

दुपारी आता मी अंबीला थोपटते. ती झोपते. मी झोपत नाही. खालचं माझं मी बघेन म्हणाले होते, तर जागी राहून बघते. भीती येते. आली की मी तिला सांगते, बस इथंच, माझ्यापाशी, पण पोटाकडे जायचं नाही. हात पोटावर ठेवतच नाही. उशीखाली घालून पडते.

नवव्या महिन्याच्या सोनोग्राफीला अंबीही आली. घरी राहते कुठे ती. अंधारी खोली, पोटावर गार जेल, डॉक्टर वयस्कर आणि गप्पिष्ट. वाढ चांगली, पाणी चांगलं, ठोके चांगले. मी एकेका चांगल्यावर सुटकेचा निःश्वास टाकत होते. तेवढ्यात दवाखान्यातल्या मावशींचा धक्का लागून लोखंडी स्टूल धाडकन आडवं झालं. अंबी किंचाळली आणि माझ्या दंडाला येऊन चिकटली. माझंही काळीज लक्कन हललं. पण तिचं रडणं ऐकून मला हसू आलं. इतकं साधं, सगळ्या पोरांसारखं रडणं होतं ते.

"बाहेरची दचकली," डॉक्टर म्हणाले. "आतलं बघा. जरा म्हणून हललं न्हाई."

त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. राखाडी अंधारात एक चिमुकला हात होता, बोटं पसरलेली. तो आतल्या भिंतीला टेकला, उठला, पुन्हा टेकला आणि थांबला. परत दोनदा, आणि थांबला.

"हे काय करून राहिलंय?" डॉक्टर कौतुकाने पुढे वाकले. "असं मी कधी बघितलं न्हाई. लई शहाणं लेकरू होणार बघा तुमचं."

अंबीचं रडणं थांबलं होतं. ती पडद्याकडे बघत नव्हती. माझ्या तोंडाकडे बघत होती.

"आई," ती हळूच म्हणाली, "आता ते झोपवील तुला."

नाही म्हणायला मी तोंड उघडलं, आणि मला जांभई आली.